अनलिमिटेड पीटीओ, दोन वर्षं वापरून: ५ पैकी २ स्टार

मी कॅलिफोर्नियात सॅन होजेला सॉफ्टवेअरमधे आहे. ऑफर लेटरमधे 'अनलिमिटेड पीटीओ', म्हणजे पगारी सुट्टी हवी तेवढी, असं वाचलं तेव्हा इतका आनंद झाला होता, म्हटलं आता साताऱ्याला आईबाबांकडे महिनाभर राहता येईल.

जुन्या कंपनीत वर्षाला २० दिवस होते, दर दोन आठवड्यांच्या पेस्लिपवर ६.१५ तास जमा व्हायचे आणि तो आकडा वाढला की तिकीट काढायचा धीर यायचा, हक्काचे दिवस ना ते. नोकरी सोडताना ११ दिवस उरले होते, त्याचे पैसे मिळाले, कारण कॅलिफोर्नियाच्या कायद्यात साठलेली सुट्टी म्हणजे पगारच. या नव्या कंपनीत सुट्टी मुळात साठतच नाही, मग सोडताना देणार काय? कंपनीचं तेवढं देणं वाचतं. जॉइन होताना हे कुणीच सांगत नाही. पोर्टलवर बॅलन्सच्या जागी नुसती आडवी रेघ.

पहिल्या वर्षी मी १२ दिवस घेतले, फक्त १२! नाही कुणीच म्हणत नाही, पण मॅनेजर स्वतः सुट्टी घेत नाही आणि टीममधे सगळे एकमेकांचा अंदाज घेत बसतात. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ३ आठवडे मागितले तर लगेच 'हो, फक्त रिलीजचं कव्हरेज बघ', म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघताना तुझं काम अडायला नको. मग काय, साताऱ्यात रोज रात्री साडेनऊला मीटिंग, कानात हेडफोन आणि हातात बाबांच्या ड्रॉप्सची बाटली. आई म्हणाली, "अगं तू सुट्टीवर आलीयेस ना?" फार लागलं ते.

दोन स्टार कशाचे, तर लेकाला ताप आला की अर्धा दिवस निघता येतं, कुणी मोजत नाही. हे खरंच चांगलंय.

बाकी किमान दिवस ठरलेले नसतील तर या पॉलिसीला अर्थ नाही. किकस्टार्टर या क्राउडफंडिंग कंपनीने २०१५ मधे अनलिमिटेड बंद करून २५ दिवस ठरवून दिले. गोल्डमन सॅक्स या बँकेने २०२२ मधे सीनियर लोकांना अनलिमिटेड दिली, पण सोबत सगळ्यांनी वर्षाला निदान १५ दिवस घ्यायचेच असंही ठरवलं. असं पाहिजे. ऑफर घेण्याआधी एचआरला एवढंच विचारा, या टीमने गेल्या वर्षी सरासरी किती दिवस घेतले आणि सलग किती मिळतात, आणि उत्तर मेलवर मागा.

मी यंदा गणपतीचे १५ दिवस आत्ताच कळवलेत, तिकीट काढलंय, लॅपटॉप इथेच राहणार.