ठाण्यातील हिमस्खलन कार्यशाळा: थर उत्तम शिकवले, शोधाचा सराव अपुरा

हिमालयातील हिवाळी ट्रेकला निघण्यापूर्वी ठाण्यातील एका गिर्यारोहण संस्थेची दोन रविवारांची कार्यशाळा मी पूर्ण केली. सह्याद्रीत वाढलेल्या आपल्याला घसारा, शेवाळ आणि सुटलेली दरड ओळखता येते, पण बर्फाचा उतार वाचता येत नाही. पहिल्या रविवारी ही उणीव फार चांगली भरून निघाली.

प्रशिक्षकांनी मोठ्या ट्रेमध्ये जाड सुती कापड अंथरले, त्यावर साखर पसरली आणि वर मैदा दाबून बसवला. कोनमापक लावून ट्रे हळूहळू उचलताना बराच वेळ काहीच हलले नाही. मग मैद्यावर आडवी चीर धावली आणि अख्खी वडी एकदम निसटली. थंड, निरभ्र रात्री पातळ बर्फाच्या तळात आणि पृष्ठभागात तापमानाचा मोठा फरक पडला की कण असेच साखरेसारखे सुटे होतात आणि त्यांवर वाऱ्याने घट्ट थर आणून बसवला, तर एका माणसाचे वजनही पुरते, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागले नाही. असे थर बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून सुटतात. येऊरच्या पायथ्याशी मी ४५ अंशांचा ठरवलेला उतार मोजल्यावर ३१ अंशांचा निघाला, तेव्हा डोळ्यांच्या अंदाजावरचा माझा विश्वास उडाला.

चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचे हिमस्खलनाचे इशारे कसे वाचावेत, हेही नीट शिकवले. जिल्ह्यासाठीचा इशारा समोरच्या एका उताराचा निर्णय देत नाही, हा मुद्दा मोलाचा होता. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का दांडा या शिखरावर गिर्यारोहणाच्या प्रशिक्षणार्थींवर कोसळलेल्या हिमस्खलनाची चर्चा संयमाने झाली. धोका केवळ हिवाळ्यापुरता नसतो, हे त्यातून कळले.

दुसऱ्या रविवारी मात्र निराशा झाली. गाडलेल्या माणसाच्या अंगावरील यंत्राचा रेडिओ संकेत पकडणारी शोधयंत्रे वीस जणांत तीनच होती, त्यामुळे पाल्यापाचोळ्याखाली पुरलेली पिशवी शोधण्याची संधी प्रत्येकाला एकदाच मिळाली. मला त्यासाठी नऊ मिनिटे लागली. बर्फाखाली गाडलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते आणि बाहेरचे पथक तेवढ्यात पोहोचत नाही, म्हणजे वाचवायचे ते सोबत्यांनीच. शिवाय थांबलेला बर्फ घट्ट आवळतो आणि तो उपसण्यातच बहुतांश वेळ जातो, तरी फावडे कोणाच्याच हाती दिले नाही.

थर आणि उतार समजून घेण्यासाठी कार्यशाळेला अवश्य जावे. आयोजकांनी पुढच्या तुकडीत निदान चौघांमागे एक यंत्र द्यावे आणि एक पूर्ण सकाळ शोधण्या-उपसण्यासाठी राखावी, अशी लेखी विनंती मी त्यांना केली आहे.