पिंजरा धुवायला ब्लीच की क्वाट?

नाशिकमध्ये बजरी, कॉकटील, लव्हबर्ड पाळणाऱ्यांकडे हे दोन पर्याय असतात: सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे घरगुती ब्लीच, आणि क्वाट, म्हणजे बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखी क्वाटर्नरी अमोनियमची जंतुनाशक द्रावणं. (देशी पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे.)

चोच-पिसांच्या रोगाचा सर्कोव्हायरस फार चिवट. त्याला स्निग्ध आवरण नसतं, म्हणून क्वाटवर भरवसा ठेवता येत नाही. अशा विषाणूची शंका असेल तर ब्लीचच वापरा. 4-5 टक्क्यांचं ब्लीच लिटरभर पाण्यात 30 मिली, पृष्ठभाग 10 मिनिटं ओला राहू द्या, मग भरपूर पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा. द्रावण रोज ताजं करा. उन्हात ठेवलं तर जोर जातो.

ब्लीचचा तोटा म्हणजे वाफ. पक्ष्याची फुप्फुसं नाजूक, म्हणून पक्षी दुसऱ्या खोलीत ठेवा. पावसाळ्यात खिडक्या बंद असतात, तेव्हा पिंजरा गॅलरीत न्या. तारही गंजते. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर कधीच मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो.

क्वाटला वास कमी, धातूला त्रास कमी. निरोगी थव्याच्या रोजच्या कामाला ठीक. क्लॅमिडिया या पक्ष्यांना आजारी पाडणाऱ्या जिवाणूवरही चालतं. पण साबण नीट निघाला नसेल तर ते निकामी होतं. विष्ठा खरवडली नाही तर दोन्ही वाया, आणि हीच चूक सगळ्यात जास्त होते. कोरडी विष्ठा खरवडू नका, आधी भिजवा. धुळीतून क्लॅमिडिया माणसालाही होतो. लाकडी दांड्या मात्र निर्जंतुक होत नाहीत, फेकून द्या.