टाइम मशीन आधी की ड्यून आधी? जुनी सायन्स फिक्शन पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

अभ्यासिकेतली पोरं विचारून राहिली की जुन्या सायन्स फिक्शनमधलं एकच पुस्तक वाचायचं तर कोणतं. पोलीस भरती अन् तलाठीच्या अभ्यासातून वेळ काढायचा आहे, तर लांबलचक लिस्ट देऊन काही फायदा नाही. माझं मत सरळ आहे, आधी एच. जी. वेल्सचं 'द टाइम मशीन', ते आवडलं की मग फ्रँक हर्बर्टचं 'ड्यून'. उलटं करू नका. काहून ते सांगतो.

टाइम मशीन 1895 चं, जेमतेम शंभर पानांचं. इंग्रजी जुनी आहे पण गोष्ट कुठं अडत नाही. सुरुवातीलाच एक जागा आहे, जेवण झाल्यावर मंडळी बसली आहे, टेबलावर छोट्या घड्याळाएवढं यंत्राचं मॉडेल ठेवलेलं, अन् तो शोध लावणारा माणूस एका पाहुण्याचाच हात धरून त्याच्याच बोटानं लिव्हर दाबून घेते. वाऱ्याची झुळूक येते, दिव्याची ज्योत उडते, एक मेणबत्ती विझते आणि मॉडेल गायब. एवढ्याशा प्रसंगात वेल्सनं आपल्याला पटवून टाकलं, पानभर थिअरी लागली नाही. मग तो माणूस स्वतः निघते आणि पोचते सन 802701 मध्ये. तिथं वर उजेडात इलॉय, दिसायला गोजिरे पण काहीच काम न येणारे, आणि जमिनीखाली अंधारात यंत्रं चालवणारे मॉरलॉक. मालक अन् मजूर यांच्यातलं अंतर हजारो वर्षं वाढतच गेलं तर माणसाचं काय होईल, हा वेल्सचा प्रश्न आहे. वणी-चंद्रपूरकडं ज्यांच्या घरातलं कोणी खाणीत शिफ्टला उतरते त्यांनी तर हे वाचाच.

ड्यून 1965 चं, आणि त्याला निवांत वेळ पाह्यजे. पाचशेच्या वर पानं, अन् सुरुवातीलाच घराण्यांची, पंथांची, ग्रहांची नावं अशी अंगावर येते की बरेच जण तिथंच पुस्तक मिटवते. मागं शब्दांची यादी दिली आहे, ती उघडी ठेवूनच वाचा. पण पाण्यावर इतकं खोल लिहिलेली दुसरी कादंबरी मला माहीत नाही. अराकिस ग्रहावर पाऊसच नाही, तिथले फ्रेमेन लोक असा सूट घालते की घाम, श्वासातली वाफ, लघवी, सगळं गाळून परत पिता येते. त्यांचा पुढारी स्टिलगर नव्या ड्यूकच्या, म्हणजे ग्रहाच्या नव्या सत्ताधाऱ्याच्या, भेटीला येते आणि टेबलावर थुंकते, ड्यूकची माणसं चवताळते, तेवढ्यात त्यांच्यातलाच एक जण, जो फ्रेमेनांमध्ये राहून आला आहे, अंगातलं पाणी दिल्याबद्दल त्याचे आभार मानते आणि स्वतःही थुंकते. आणखी एक प्रथा आहे तिथं, मेजवानीला आलेल्या श्रीमंतांनी हात धुताना मुद्दाम पाणी जमिनीवर सांडायचं, नंतर त्या ओल्या टॉवेलांचं पिळलेलं पाणी बाहेरच्या भिकाऱ्यांसाठी. मे महिन्यात टँकरमागं कॅन घेऊन उभं राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. हर्बर्टला हे सुचलं अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या किनाऱ्यावर, तिथं सरकार गवत लावून सरकती वाळू थांबवून राहिलं होतं आणि तो त्यावर लेख लिहायला गेला होता. फक्त एक ध्यानात ठेवा, ड्यूकचा पोरगा पॉल हा सरळसाधा हिरो नाही, तारणहार म्हणून एका माणसाच्या मागं सगळे धावले की काय होते याची ती गोष्ट आहे.

म्हणजे वेळ कमी, इंग्रजीचा सराव कमी, तर टाइम मशीन. वाचनाची सवय आहे आणि दोन महिने एकाच पुस्तकात राहायची तयारी आहे, तर ड्यून.

बाकीच्यांचं थोडक्यात. वेल्सचंच 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' (1898) कोरोनानंतर वेगळंच लागते, काहून ते पुस्तकाच्या शेवटी कळेल. मेरी शेलीचं 'फ्रँकेन्स्टाइन' (1818) मला फार जवळचं आहे, शास्त्रज्ञानं प्रयोगातून बनवलेला, भिंतीच्या फटीतून दुसऱ्यांचं घर पाहून बोलायला शिकणारा तो बिचारा जीव विसरता येत नाही, पण सुरुवातीची पत्रं संथ आहे, तिथं दम धरा. लोणार पाहिलं असेल तर आर्थर क्लार्कचं 'राँदेव्हू विथ रामा' (1973) घ्या, त्याची सुरुवातच इटलीवर उल्का पडण्यापासून होते आणि पुढं पन्नास किलोमीटर लांबीचं रिकामं यान येते. त्यात माणसं फिकी आहे, यान मात्र जबरदस्त. असिमोव्हचं 'फाउंडेशन' पहिलं म्हणून नको, कल्पना मोठी आहे पण अर्धं पुस्तक माणसं खोलीत बसून बोलतच राहते.

पैशाचंही पाहा. वेल्स 1946 मध्ये गेला, मेरी शेली त्याच्या कितीतरी आधी, म्हणून दोघांचीही पुस्तकं आपल्याकडं कॉपीराइटमधून मोकळी आहे, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या फुकट पुस्तकांच्या वेबसाइटवरून घ्या, फाईल इतकी लहान की रेंज नसलेल्या शेतातही मोबाईलवर वाचता येते. ड्यून आणि रामा विकतच घ्यावं लागते, दोघा-तिघांत मिळून घ्या.

इंग्रजी अजिबातच जमत नसेल तर थांबू नका, जयंत नारळीकरांचं 'वामन परत न आला' मूळ मराठीतलंच आहे, तालुक्याच्या वाचनालयात विचारा, नसलं तर मागणीच्या वहीत नाव लिहून या.