ब्रोरा, गोल्स्पी, डर्नेस: मेंढरांच्या माळावरचं गोल्फ

मी जालन्याचा. समुद्र बघायचा म्हणलं तर आमच्याकडून रात्रभराचा प्रवास आणि गोल्फ खेळायचं म्हणलं की पुणं गाठावं लागतं, तिथंच नोकरीला असताना हा नाद लागला. त्यामुळं लिंक्स म्हणतात ते समुद्रकाठचं मूळ गोल्फ एकदा तरी खेळायचंच असं कितीतरी वर्षं डोक्यात होतं. मेहुणा ॲबर्डीनला तेलाच्या कंपनीत आहे, 2023 च्या जूनमध्ये त्यानं बोलावलं आणि आम्ही दोघं स्कॉटलंडच्या पार वरच्या अंगाला, सदरलँड भागात, पाच दिवस खेळून आलो. आपल्याकडून जाणारे बहुतेक सगळे सेंट अँड्रूजलाच, म्हणजे गोल्फच्या पंढरीलाच, जातात म्हणून हे मुद्दाम सविस्तर लिहायलोय.

सेंट अँड्रूजचं आधी आमचंही ठरलं होतं. एका एजंटाला ॲडव्हान्स दिला, त्यानं ओल्ड कोर्सची, म्हणजे तिथल्या नावाजलेल्या मैदानाची, वेळ पक्की झाली म्हणून सांगितलं आणि निघायला पंधरा दिवस राहिले तेव्हा कळलं की बुकिंग काहीच नाही, तिथं जाऊन बॅलटमध्ये नाव टाकायचं, नंबर लागला तर खेळायचं. पैसे परत मिळायला चार महिने गेले, तेही रोज फोन करून. मेहुणा म्हणला, "दाजी, सोडा तो नाद. आपण वर जाऊ, ब्रोराला. तिथं कोर्सवर मेंढरं चरतात." मला वाटलं हा चेष्टा करायलाय.

चेष्टा नव्हती. इन्व्हर्नेसहून विक-थुर्सोकडं छोटी रेल्वे जाते, खाड्यांच्या कडेकडेनं, दिवसाला मोजक्याच गाड्या. ब्रोराला उतरलो, किट खांद्याला मारलं आणि चालत कोर्सवर. क्लब 1891 चा, आजचा आराखडा जेम्स ब्रेडचा, म्हणजे ज्यानं ब्रिटिश ओपन ही मोठी स्पर्धा पाच वेळा जिंकली तो. पण मी पहिल्या ग्रीनपाशी, म्हणजे झेंडा लावलेल्या भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीपाशी, थबकलो ते वेगळ्याच कारणानं. ग्रीनभोवती गुडघ्याएवढी विजेची तार. अहो, ही तर आपली झटका मशीन! रोही आणि रानडुकरं पिकात घुसू नयेत म्हणून आपण शेताला लावतो तीच, फक्त इथं राखण ग्रीनची. आत जाताना पाय उंच उचलून तार ओलांडायची, बाहेर येताना परत तेच, दोन-तीन होलनंतर सवय होते.

ही जमीन म्हणजे तिथल्या छोट्या शेतकऱ्यांची, क्रॉफ्टर म्हणतात त्यांची, सामाईक चराई. समुद्र आणि पिकाऊ रान यांच्या मधला वाळूचा पट्टा, नांगराच्या काही कामाचा नाही, म्हणून मेंढरांना सुटला आणि मेंढरांमागून गोल्फला. आपल्या गावाकडच्या गायरानासारखं समजा. वाळूमुळं पाऊस पडला की लगेच मुरतो, जमीन टणक राहते, गवत बारीक आणि आखूड, आणि बॉल टप्पा पडल्यावर कुठल्या कुठं पळत जातो. पुण्यात बॉल उंच मारायचा आणि ग्रीनवर टाकायचा एवढंच मला यायचं, इथं ते चालतच नाही.

नववा होल पार थ्री, म्हणजे तीन फटक्यांत बॉल भोकात घालायचा, ग्रीनच्या मागं लगेच समुद्र. मी सात नंबर आयर्न, म्हणजे लोखंडी तोंडाची काठी, घेऊन रोजच्यासारखा उंच मारला, वाऱ्यानं तो हवेत असा काही अडवला की बॉल डावीकडं खाली खड्ड्यात. मेहुण्यानं बॉल खालून नेणारा चार नंबर घेतला, बॉल पायात मागं ठेवला, अर्धाच स्विंग. बॉल जमिनीपासून माणसाच्या उंचीवरून गेला, ग्रीनच्या बराच अलीकडं पडला, एका उंचवट्यावर चढला, वळला आणि सावकाश झेंड्याकडं गेला. त्या बॉलचं ते वळणं मला अजून जसंच्या तसं दिसतं. पुढं तेराव्याला, स्नेक नाव आहे, छोटासा पार थ्री आणि मधून वळणं घेत जाणारा ओढा, तिथं मीही तसाच बुटका मारून बघितला आणि जमला. एका फेअरवेवर, म्हणजे टी ते ग्रीनमधल्या मोकळ्या पट्ट्यावर, माझ्या बॉलजवळ मेंढी पिल्लाला घेऊन बसलेली, आम्ही थांबलो, ती उठली, मग खेळलो. आर्क्टिक टर्न नावाचे पांढरे पक्षी तिथं वाळूत अंडी घालतात, जवळ गेलं की डोक्यावर झेप घेतात, टोपी पाहिजेच. सतराव्याच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहिलं की पार पलीकडं टारबॅट नेसचा दीपस्तंभ दिसतो.

गोल्स्पी जवळच, 1889 चा क्लब. काही होल समुद्राला लागून, काही हेदर नावाच्या बुटक्या झुडपांच्या रानात, काही झाडीत, एकाच राउंडमध्ये तीन तऱ्हा. गोल्फ चांगलं आहे पण माझं लक्ष सारखं वर डोंगराकडं. बेन ब्रॅगीवर पहिल्या ड्यूक ऑफ सदरलँडचा उंच पुतळा आहे, त्याच्याच इस्टेटीतून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हजारो कुळं आतल्या खोऱ्यांतून हुसकून समुद्रकाठी आणून टाकली, मेंढरांसाठी रान मोकळं करायचं म्हणून. ज्या माळावर आपण मजेत खेळायलोय तो त्यांच्या वाट्याला आलेला तुकडा. शेतकऱ्याच्या घरातला माणूस आहे, जीव कालवतोच.

डर्नेसला गाडीनंच जावं लागतं, एकेरी रस्ता, समोरून गाडी आली की बाजूच्या जागेत थांबायचं आणि जाणारा हात करून जातो. 1988 चा कोर्स, मुख्य भूमीवरचा पार वायव्येचा, नऊच होल पण टी वेगवेगळ्या त्यामुळं अठरा खेळता येतात. शेवटचा बॉल समुद्राच्या खाचेवरून पलीकडं मारायचा, खाली लाटा आपटायलेल्या. मेहुण्याच्या बायकोनं दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही तिथंच वाऱ्याला पाठ करून खाल्ली. शाकाहारी असाल तर डबा ठेवाच, नाहीतर सूप-ब्रेड आणि चिप्सवर दिवस काढायची तयारी.

जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, दुपारी उशिरा निघालं तरी राउंड होतो. रेनकोट, स्वेटर, जादा बॉल. कॅडी धरू नका, किट आपलं आपणच उचलायचं. एजंट तर अजिबात नको, क्लबला थेट ईमेल करा, आम्ही तसंच केलं. ओल्ड कोर्सची त्या सीझनची फी 295 पाउंड होती, इथं त्याहून बरंच कमी लागलं आणि ब्रोरा तर जाताना एकदा, परत येताना एकदा असा दोनदा खेळलो.

पुढच्या खेपेला साउथ यूइस्ट बेटावरचं अस्कर्निश बघायचंय. ओल्ड टॉम मॉरिसनं 1891 ला आखलेला कोर्स, मधल्या काळात टेकाडांत हरवून गेलेला, 2008 ला परत उघडला. मेहुण्यानं बोटीचं टाइमटेबल पाठवून ठेवलंय.