बाणाच्या लाकडी काड्या: सीडर आणि दुकानातली पाइन, आठ महिन्यांनंतर

माझं धनुष्य 35 पाउंडच्या ओढीचं लाँगबो (लांब, साधं लाकडी धनुष्य), उजव्या हाताने मारतो, पुण्यात. जानेवारीत पोर्ट ऑर्फर्ड सीडरचे सहा शाफ्ट (बाणाच्या नुसत्या काड्या) एका मित्राकडून मागवले (ओरेगनकडचं लाकूड, घासलं की आल्यासारखा वास सुटतो, बायकोने विचारलं चहा ठेवलास का) आणि कंजूषपणा म्हणून पाइनच्या 8 एमएमच्या सहा दांड्या दुकानातून उचलल्या. काउंटरवर एकेक फिरवून बघत होतो तर दुकानदार म्हणे, पडद्यालाच लावायचीय ना साहेब?

बघायचं काय, तर लाकडाच्या रेषा. टोकापासून टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत, मध्येच तिरक्या होऊन कडेला बाहेर पडल्या की काडी तिथूनच जाणार. मला दिसत होतं तरी एक घेतली, मार्चमध्ये ती सुटतानाच तुटली आणि चिरफळी अंगठ्याला घासून गेली, ग्लोव्ह होता म्हणून वाचलो. आता प्रत्येक बाण मारायच्या आधी हाताने वाकवून कान देतो, बारीक जरी कट् झालं तरी बाद.

पाइनचे बाण सगळे डावीकडे जायचे, म्हणजे काडी जास्त ताठ. दोन खिळे 26 इंचांवर, मध्ये 907 ग्रॅम साखर टांगली (2 पाउंड) आणि किती वाकते ते मोजलं. 35 ते 40 स्पाइनसाठी (स्पाइन म्हणजे काडीचा ताठपणा, धनुष्याच्या पाउंडात) साधारण 16 ते 19 एमएम वाकायला हवी, माझ्या जेमतेम 13. मग ड्रिलला लावून पॉलिशपेपरने घासत बसलो, पण जपून, कारण 8 चं साडेसात झालं तरी ताठपणा जवळजवळ चौथ्या हिश्शाने उतरतो, एक अशीच वाया घालवली. नॉकची खाच (मागच्या टोकाची, दोरी बसते ती) लाकडाच्या वार्षिक रेषांना आडवी कापायची, नाहीतर दोरीच्या दणक्याने चिरते.

खरी परीक्षा जुलैत. पाइनच्या चार काड्या कोपऱ्यात उभ्या टेकवलेल्या, दोन आठवड्यांत केळ्यासारख्या. सीडर आडव्या ठेवलेल्या आणि लाखेच्या पॉलिशचे तीन हात दिलेले, त्यातली एकच हलली. गॅसवर लांबून गरम करून फुगवट्यावर अंगठा दाबून गार होईपर्यंत धरली, सरळ झाली, पाइनच्याही तशाच केल्या, पण पुढचा पाऊस लागताच परत वाकल्या.

परत घेणार तर सीडरच, पण दुकानात रेषा सरळ असलेली पाइन दिसली तर तीही सोडणार नाही. सीडरच्या पाच उरल्यात. सहावी मैदानापलीकडच्या घाणेरीत आहे, तीन रविवार शोधतोय.