गुण मोजायची तीन यंत्रं आणि जजची खुर्ची

बॉक्सिंगची जिम चालवता चालवता केस पिकलेल्या माणसाला लढत विकली गेल्याचा वास कॉर्नरमध्ये, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यात आपल्या बॉक्सरपाशी, उभ्या उभ्या येतो. अडतं ते पुराव्यापाशी. म्हणून गुणपद्धत त्याच्या नजरेने तपासायची तर कसोटी एकच: लबाडी झालीच तर ती किती लवकर उघडी पडते?

जुन्या कागदी चिठ्ठीचा निकाल 1988 च्या सोल ऑलिंपिकने लावला. 71 किलोच्या अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्सचे 86 ठोसे लागल्याची नोंद झाली, यजमान कोरियाच्या पार्क सी-हुनचे 32. जजनी 3-2 ने पार्कला जिंकवलं. दोष कागदाचा कमी, निकाल पुकारेपर्यंत गुण झाकून ठेवण्याचा जास्त.

मग 1992 च्या बार्सिलोनापासून बटणं आली. पाच जज, प्रत्येकासमोर लाल आणि निळं बटण, आणि एका सेकंदाच्या आत तिघांनी दाबलं तरच गुण. ऐकायला चोख. पण पोटातला ठोसा दोन बाजूंच्या जजना दिसतच नाही, आणि चार ठोशांची सलग सरबत्ती सुरू झाली की बोटं मागे पडतात. गुण हवेत विरतो. त्यामुळे बॉक्सरही डोक्यावर एक स्वच्छ सरळ ठोसा मारून मागे सरकायला शिकले, पोटावरचा मारा ओस पडला. फिक्सिंगच्या दृष्टीने तर हे यंत्र भलतंच सोयीचं. विकल्या गेलेल्या जजला चुकीचं बटण दाबायची गरजच नाही, उशिरा दाबलं की काम झालं. असे दोघे असले की उरलेल्या तिघांची बोटं त्याच सेकंदात पडायला हवीत. आणि न दाबलेल्या बटणाचा पुरावा कुठे शोधणार? 2012 च्या लंडनमध्ये सातोशी शिमिझूने तिसऱ्या फेरीत प्रतिस्पर्ध्याला सहा वेळा खाली पाडलं, तरी फलक 22-17 ने त्याच्या विरोधातच. रेफ्रीने काउंट, म्हणजे खाली पडलेल्या बॉक्सरसाठी मोजायचे आकडे, दिले नव्हते. निकाल नंतर फिरवला गेला.

दहा गुणांची पद्धत यापेक्षा बरी. फेरी जिंकणाऱ्याला 10, दुसऱ्याला 9, एकतर्फी झाली तर 8 किंवा 7. मात्र 2016 च्या रिओने तिचंही पितळ उघडं पाडलं. पाच जज गुण द्यायचे आणि संगणक त्यातले तीन निवडायचा. कायद्याचे प्राध्यापक रिचर्ड मॅकलॅरेन यांच्या 2021 च्या चौकशी अहवालाने बोट ठेवलं ते वेगळ्याच जागी: कोणत्या लढतीला कोणता जज बसणार, हे ठरवणाऱ्या माणसांवर. यंत्र प्रामाणिक असून काय उपयोग, खुर्च्याच आधी वाटून झालेल्या! टोकियोत पाचही जजचे गुण धरले आणि प्रत्येक फेरीनंतर दाखवले. सगळ्या बदलांत हाच सर्वांत कामाचा. मागे पडलेल्या बॉक्सरच्या कॉर्नरमधल्या प्रशिक्षकाला पुढच्या फेरीत काय करायचं ते कळतं, आणि चौघांपासून फटकून असलेला जज भर हॉलमध्ये उठून दिसतो.

क्लबच्या स्पर्धेसाठी महागडं सॉफ्टवेअर घ्यायचं कारण नाही. कार्बन लावलेली चिठ्ठी पुरते. एक मिनिटाच्या विश्रांतीत ती गोळा करायची आणि गुण लगेच फळ्यावर लिहायचे. जजची नावं आधीची लढत संपल्यावरच पिशवीतून काढायची, दोन्ही बॉक्सरच्या जिमशी संबंध असलेली नावं आधीच वगळून, आणि पिशवीत हात आयोजकाने घालायचा नाही. जजचे फोन पेटीत. चित्रण समोरासमोरच्या दोन कॉर्नरमधून, कारण एकाच कॅमेऱ्याला पाठमोऱ्या बॉक्सरआडचे ठोसे दिसत नाहीत. शेवटी प्रत्येक जज इतरांपेक्षा कुठे वेगळा गेला ते मांडायचं. एखाद्या लढतीतला फरक बसण्याच्या जागेमुळेही पडतो. तो दर वेळी एकाच जिमच्या फायद्याचा निघाला तर मात्र जाब विचारायचा.

बॉक्सरच मुद्दाम हरत असेल तर तिन्ही पद्धती आंधळ्या. पायाचा जोर न लावता टाकलेला जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), ग्लोव्हवर अडलेल्या ठोशाने खाली बसणं, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत प्रशिक्षकाची नजर चुकवणं, या खुणा डोळ्यालाच टिपाव्या लागतात. पण दुखावलेला हात किंवा वजन उतरवताना आटलेलं पाणी, यांचीही लक्षणं बरीचशी अशीच असतात. तेव्हा पोराला फैलावर घेण्याआधी त्याच्या हाताचं बँडेज सोडून बोटांची हाडं दाबून पाहावीत आणि शेवटच्या दोन दिवसांत किती किलो उतरवलं ते विचारावं.