आठ महिने रोजचा वाटा: मूलभूत उत्पन्नाचं क्रिप्टो अ‍ॅप आणि साडेपाचची वेळ

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि अ‍ॅपने तिला ओळखायचंच बंद केलं, म्हणून हे लिहायला बसलोय. नाहीतर तीन महिन्यांपूर्वी सोसायटीत मीच सगळ्यांना हे अ‍ॅप घ्या म्हणून सांगत होतो. मूलभूत उत्पन्न म्हणजे प्रत्येक माणसाला विनाअट थोडे पैसे; हे अ‍ॅप ते टोकनमध्ये, म्हणजे स्वतःच्या डिजिटल नाण्यांत, रोज एक बटण दाबलं की देतं.

आई 68 वर्षांची. लाडकी बहीण योजनेत वयाची मर्यादा 65, त्यामुळे ते 1500 तिला नाहीत. इथे ना वयाची अट, ना रेशनकार्डाचा रंग, ना उत्पन्नाचा दाखला. माणूस आहात ना, मग तुमचा वाटा आहे. हे वाचून मला खरंच भरून आलं होतं. त्याच रात्री दोघांची खाती काढली.

पैशांचं आधी उरकतो. आठ महिन्यांत दोघांचे मिळून आजच्या भावाने साठ-पासष्ट रुपये जमलेत. विकून नफा झाला तर त्यावर 30 टक्के कर, 1 एप्रिल 2022 पासून. नाशिकच्या सिडकोतला आमचा किराणावाला हे टोकन घेत नाही. याबद्दल माझी तक्रार नाही, नव्या चलनाला वेळ द्यावा लागतो.

तक्रार आहे ती साडेपाचची. अ‍ॅपचा दिवस जागतिक वेळेप्रमाणे दुपारी बाराला बदलतो, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला. तोवर बटण दाबलं नाही तर त्या दिवसाचा वाटा गेला, पुढे साठत नाही. मी अंबडला कंपनीत आहे. सेकंड शिफ्टला मोबाईल गेटवर जमा करावा लागतो. घरातून निघताना विसरलं की दिवस बुडाला. माझे असे 41 दिवस बुडालेत, वहीत लिहून ठेवलेत. रोज हजेरी लावल्यावरच मिळतं ते मूलभूत उत्पन्न कसलं, ती रोजंदारी झाली. ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने 2011 पासून मध्य प्रदेशातल्या गावांत प्रयोग केला, तेव्हा मोठ्या माणसाला महिन्याला 200 आणि मुलामागे 100 रुपये दिले, पुढे ते 300 आणि 150 केले. बाई त्या महिन्यात शेतावर होती की माहेरी, हे कोणी विचारलं नाही.

आता आईचं. सव्वापाचला गजर होतो, ती मेथी निवडता निवडता हात पदराला पुसते आणि मोबाईल समोर धरते. ठरावीक दिवसांनी अ‍ॅप चेहरा पुन्हा तपासतं, आणि ते नेमकं ऑपरेशनच्या आठवड्यात आलं. डोळ्यावर काळा चष्मा. तो काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. चेहरा गोलात बसतो, हिरवी रेघ अर्ध्यावर जाते आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’. मदत केंद्राला मी चार वेळा लिहिलं. चारही वेळा तेच उत्तर: चांगल्या उजेडात बसा. आई मला म्हणाली, “राहू दे रे, मी आता त्यांच्या लेखी माणूस नाही वाटतं.” मला ते फार लागलं.

रागाच्या भरात चेहरा तपासणीच नको, असं मी लिहिणार होतो. पण विचार केल्यावर मत बदललं. तपासणी काढली तर शंभर सिमकार्डवाला शंभर वाटे उचलेल. एक माणूस, एक खातं हे कसं ठरवायचं, यावरच हे सगळे प्रकल्प अडतात. वर्ल्डकॉइनने त्यासाठी डोळ्याची बुबुळं स्कॅन करणारं यंत्र आणलं. बर्लिनमध्ये सुरू झालेल्या सर्कल्समध्ये ओळखीची माणसं एकमेकांवर विश्वास नोंदवतात. पुण्यातल्या मित्राने बोलावलं म्हणून मी दोन महिने तेही वापरतोय. तिथे माणसाला तासाला एक, दिवसाला 24 नाणी मिळतात आणि पडून राहिलेली वर्षाला सात टक्क्यांनी झिजतात. पण न घेतलेली 14 दिवसांपर्यंत साठतात! सेकंड शिफ्टचा अख्खा आठवडा त्यात बसतो. ऑपरेशन झालेल्या माणसाचेही बरेच दिवस वाचतात. म्हणजे हे करता येतं, हे समजल्यावर पहिल्या अ‍ॅपवरचा राग आणखी वाढला.

विसाव्या दिवशी आईचा चष्मा उतरला आणि पहिल्याच खेपेला तपासणी पार पडली. खात्यात त्या एका दिवसाचा वाटा दिसला, मागच्या 19 दिवसांचा काहीच नाही. रुपयांत मोजलं तर दोन-तीन रुपयेही होणार नाहीत, पण ते तिचे होते.

कल्पनेला पाच तारे, अ‍ॅपला दोन. वाटा निदान दोन आठवडे साठवायची सोय आणि आजारी माणसासाठी तपासणीला मुदतवाढ, एवढं करा. तोवर आईचं खातं चालू ठेवतोय, सोसायटीत मात्र कोणाला घ्या म्हणून सांगणार नाही.